लाल दोऱ्यापर्यंत स्पिरिट

देवस्थळे सरांना कोणीही भेटलं की ते आधी त्याचं वर्णन करत. खोली बघायला आले तेव्हा माझ्या यजमानांच्या फोटोपुढे उभे राहून म्हणाले, "डोकं रुंद. मान नाही. मिशा दोन, डावी आखूड." यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती, पण वर्णन खरं होतं. मी खोली दिली.

सर यवतमाळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. गाव कोकणात, खाडीकाठी. तिथल्या चिखलातला एक समुद्री किडा त्यांनी बरणीत, स्पिरिटमध्ये घालून आणला होता. मी किडा म्हणे, ते "कृमी" म्हणून दुरुस्त करत. मेलेल्याला काय फरक पडतो? बोटभर लांब, अंगाला वळ्या, दर वळीला दोन्हीकडे केसांचे झुबके. याची जगात कुठेच नोंद नाही, असं सरांचं म्हणणं. ते पटवायला रोज भिंगाखाली केस मोजत. मी "सर, भाजी घ्या" म्हटलं की मोजणी चुके. पुन्हा पहिल्या वळीपासून.

उन्हाळ्यात स्पिरिट उडे. बरणीला लाल दोरा बांधला होता. स्पिरिट त्याखाली गेलं की सर भर घालत. खिडकीला वाळ्याचा पडदा, तोही किड्यासाठी. आम्ही माणसं पदरानं वारा घेत होतो.

"सुट्टीत गावाले काहून जात नाही, सर? घरचे वाट पाहून राह्यले असतीन."

"स्पिरिट उडतं, मावशी. आणि नमुना एकच आहे."

"मी टाकीन न!"

"तुम्ही रॉकेल घालाल."

"तुमच्या किड्याहून जास्त अक्कल आहे मले."

अशी सहा वर्षं गेली. मग कलकत्त्याच्या संग्रहालयातून पत्र आलं: किडा नवाच आहे, पाठवून द्या. ज्या नमुन्यावरून नाव देतात, तो तिथेच कायमचा ठेवतात म्हणे. मी घरचा कापूस दिला, सरांनी किडा लहान बाटलीत घालून, ती त्यात गुंडाळून पार्सल केलं. आळीत पेढे वाटले.

"नाव काय ठेवलं?"

"आमच्या गावाचंच."

मे महिन्यात कॉलेज बंद झालं. आता किडा नाही, अडचण नाही. मी वाटेसाठी दशम्या केल्या आणि खोलीत गेले. सर वाळ्यावर पाणी मारत होते. टेबलावर तीच बरणी. आत नुसतं स्पिरिट, लाल दोऱ्यापर्यंत भरलेलं.

"सर, ही तर रिकामी आहे."

त्यांनी बरणी उगाच थोडी सरकवली. "स्पिरिट उडतं, मावशी."

सहा वर्षांत पोस्टमननं त्यांना कलकत्त्याचीच पत्रं दिली होती. गावाहून एक कार्ड नाही. हे माझ्या ध्यानात यायला त्या दिवसापर्यंत वेळ लागला.

मी दशम्या टेबलावर ठेवल्या. त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि पडद्याचा कोरडा राहिलेला कोपरा भिजवला.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "कोणीतरी बरणीकडे पाह्याले पाहिजे."