खांबेटे काकांची अकरा मिनिटं

खांबेटे काकांच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द 'झाकण' हा होता.

शनिवार पेठेतल्या त्यांच्या इमारतीत वरची खोली बघायला मी गेलो होतो. हातात शाईचं पेन, टोपण खिशात. तळमजल्याच्या दारात उभ्या असलेल्या काकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "आधी झाकण लावा. शाई सुकते."

मी टोपण लावलं. मग त्यांनी नाव विचारलं.

काका शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायक होते. स्पिरिटची बाटली उघडी राहिली की स्पिरिट उडून जातं, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की निवृत्तीनंतर जगातल्या सगळ्याच वस्तू उडून जाणाऱ्या आहेत असं त्यांना वाटू लागलं होतं. चहाची पूड, हिंग, गोंद, पेट्रोल. घरातलं प्रत्येक झाकण ते असं आवळत की पुढे त्यांना स्वतःलाच उघडत नसे. मग मला खालून हाक येई, "अहो वाशीम, जरा या. लोणचं अडकलंय."

मी वाशीमचा म्हणून माझं नाव वाशीम. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. संगणक कंपन्यांना तेव्हा पुण्यात माणसं हवी होती, त्यात मला नोकरी लागली. काम प्रोग्रॅम तपासण्याचं. ते मी काकांना समजावून सांगितलं.

"म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायच्या, आणि त्याचा पगार?"

"हो."

"कमाल आहे. पुण्यात लोक हे फुकट करतात."

पहिल्याच रविवारी सकाळी नऊ वाजता इमारत थरथरायला लागली. मी धावत खाली आलो. मागच्या फरशीवर पाण्याने भरलेलं एक लोखंडी पिंप होतं. पिंपाच्या काठावर लाकडी फळी, आणि फळीला अडकवलेलं एक गंजकं यंत्र, डोकं वर आणि शेपूट पाण्यात. धूर निघत होता, पिंपातलं पाणी उकळल्यासारखं उसळत होतं, आणि शेजारी काका मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. अकरा मिनिटांनी यंत्राने दोन उचक्या दिल्या आणि ते गप्प झालं. काकांनी वहीत लिहिलं, '११ मि. बंद.'

ती होडीच्या मागे लावायची मोटार होती. आमच्याकडे मी होडीसुद्धा पुस्तकातच पाहिलेली. समुद्रापासून इतक्या लांब, शनिवार पेठेत, हा माणूस पिंपात मोटार का चालवतो, या प्रश्नाने मला झोप येईना. पण भिंतीवर काकांच्या अक्षरात पाटी होती : 'मोटार चालू असताना प्रश्न विचारू नयेत. बंद पडल्यावर तर मुळीच नाही.'

दुसऱ्या मजल्यावरच्या लिमये वहिनींना मात्र पाटी लागू नव्हती. कपडे वाळत घालता घालता त्या वरून म्हणत, "काय हो, आज कुठवर? लकडी पुलाच्या पुढे गेलात का?"

"तुमचा धोबीघाट दिसला, म्हणून परत फिरलो," काका म्हणत.

हळूहळू मी त्यांचा मदतनीस झालो. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं, प्लगची काजळी कशी खरवडायची, कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा सोडून कान कसा द्यायचा, हे मी शिकलो. "ऐक," काका म्हणायचे. आता मी 'अहो'वरून 'अरे'वर आलो होतो. "घसा बसल्यासारखा आवाज आला की पेट्रोल जास्त. शिंकली की कमी."

एका रविवारी प्लग नवा, तरी अकरा. ठिणगीच्या पॉइंटची फट कागद घालून मोजली, तरी अकरा. कार्बोरेटर उघडून रॉकेलमध्ये धुतला, तरी अकरा. आणि बंद पडली की काका टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचे, झाकण पुन्हा आवळायचे, दोरी ओढायचे, आणि मोटार लगेच सुरू व्हायची. "बघ. हिला काही झालेलं नाही. ही दमते." इतकं सांगून ते वही मिटत. त्या वह्या सात होत्या. वीस वर्षांचे रविवार होते त्यांत.

"पण काका, अकरा मिनिटं काय वाईट आहेत?"

"बारा लागतात," काका म्हणाले आणि पाटीकडे बोट दाखवलं.

बाराचा उलगडा झाला तो त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं त्या शनिवारी. पत्रात दोनच ओळी होत्या. गावच्या खाडीवर पूल झाला, दिवाळीनंतर सुरू होणार. काकांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, "बस. चहा घे."

काकांचं गाव कोकणातलं. त्यांचा धाकटा भाऊ, बाळू, होडीने लोकांना खाडीपार न्यायचा. मोटार त्याचीच. एका सुट्टीत काका गावी गेले असताना आई आजारी पडली. डॉक्टर पलीकडच्या काठाला. घाईघाईत काकांनी टाकी भरली, बाळूने आईला होडीत निजवलं आणि मोटार सुरू केली. खाडी ओलांडायला बारा मिनिटं लागतात. अकराव्या मिनिटाला, काठ समोर दिसत असताना, मोटार बंद पडली. बाळूने दोरी ओढून पाहिली आणि शेवटी वल्हं घेतलं. आई दोन दिवसांनी गेली.

"डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटांनी काही फरक पडला नसता. बाळू काहीच म्हणाला नाही. तो बोलला असता ना, तर बरं झालं असतं रे." काकांनी साखरेच्या डब्याचं झाकण आवळलं. "मी म्हटलं, मी हिला दुरुस्त करून आणतो. आता बारा मिनिटं चालल्याशिवाय कुठल्या तोंडाने जाऊ? आणि पूल झाल्यावर हिला घेऊन गेलो, तर ती कुणाला हवीय?"

दिवाळीला पाच रविवार उरले होते.

त्याच आठवड्यात बाबांनी गावाहून तेलाचा डबा धाडला. बाबा वाशीमला किराणा दुकानात कामाला. डब्याला मी खिळ्याने एक भोक पाडलं आणि ओतायला लागलो. तेल बुडुक बुडुक करत आलं आणि अडलं. मी नेहमीप्रमाणे दुसरं भोक पाडलं. लहानपणी दुकानात बाबा म्हणायचे, "एक भोक तेलाले, एक हवेले. हवेले वाट ठेवा लागते, बाप्पा." तेल सरळ धारेने पडायला लागलं, आणि माझा हात तसाच राहिला.

मोटारीच्या टाकीच्या झाकणावर एक बारका स्क्रू होता. तो सैल केला की हवा आत जाते, आवळला की बंद. काका तो पेट्रोल उडू नये म्हणून दर रविवारी बोटं पांढरी होईपर्यंत आवळत. हवेशिवाय पेट्रोल खाली उतरतं ते अकरा मिनिटं. मग काका झाकण उघडून बघत, हवा आत जाई, आणि मोटार पुन्हा सुरू होई.

मला आनंद झाला, आणि तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच संपला. आईला नेलं त्या दिवशी टाकी काकांनी भरली होती.

सांगायचं की नाही, यावर मी शनिवारपर्यंत विचार केला. न सांगावं तर दिवाळी येणार. सांगावं तर काय सांगायचं? रविवारी काकांनी स्क्रू आवळला, दोरी ओढली आणि घड्याळात डोकं घातलं. मी पलीकडून जाऊन स्क्रू दोन आटे सोडला.

दहा. अकरा. लिमये वहिनी पिळलेलं लुगडं हातात धरून कठड्याशी थांबल्या. बारा. पंधरा. वीस. मग ते मोटारीपाशी गेले आणि गोंधळून उभे राहिले. ती बंद कशी करायची हे त्यांना आठवेना. इतक्या वर्षांत ती वेळच आली नव्हती.

शेवटी बटण सापडलं.

"लागलात की हो पैलतीराला!" वहिनी वरून म्हणाल्या. मग लुगडं वाळत घालून त्या आत गेल्या.

"काय केलंस?" काकांनी विचारलं.

"काही नाही. प्लग बसला असेल नीट."

"वाशीम, पुण्यात येऊन खोटं बोलायला लागलास. पण अजून कच्चा आहेस."

त्यांनी यंत्रावरून हात फिरवत आणला. तो झाकणावर थांबला. बोटाने त्यांनी सैल स्क्रू हलवून पाहिला, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग पिंपाच्या काठावर टेकले.

"पाण्याने भरलेला ग्लास, वर पुठ्ठा, आणि उलटा," ते म्हणाले. "पाणी का सांडत नाही? हवेचा दाब. तीस वर्षं पोरांना हे दाखवलं मी."

मी पिंपातलं पाणी उपसायला लागलो.

पुढच्या गुरुवारी काका एसटीने गावी गेले. मोटार गोणपाटात बांधलेली, स्क्रूला लाल दोरा. "दोरा कशाला?" असं मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी त्यांचं अंतर्देशीय पत्र आलं.

'चि. वाशीम, बारा मिनिटांत पार झालो. होडी बाळूने चालवली. त्याला तेव्हाच कळलं होतं. आईला नेलं त्या दिवशी काठाला लागल्यावर त्याने झाकण उघडलं, फुस्स आवाज आला, आणि मोटार एका दोरीत सुरू झाली. मला वाईट वाटेल म्हणून तो बोलला नाही. त्याला वाटलं, आठ दिवसांत माझं मलाच सापडेल. मग मी आलो नाही, तेव्हा त्याला वाटलं की सापडलं, म्हणूनच येत नाही. इथे मासे खाणारा शेजार आहे, तरी बरं चाललंय. पूल सुरू झाला, पण आम्ही होडीनेच जातो. लोणच्याची बरणी तुझ्याकडे ठेवली आहे. खात जा. झाकण फार आवळू नकोस.'

पत्र मी उलटून पाहिलं. तिन्ही कडांना गोंद तसाच कोरा होता. खांबेटे काकांनी ते न चिकटवताच पेटीत टाकलं होतं.