दगूनानांचा डावा हात

दगूनानांनी मला कधी नमस्कार केला नाही. डायलिसिसच्या खोलीत शिरले की ते डावं मनगट थेट माझ्या कानाशी आणायचे आणि म्हणायचे, "ऐका ताई. कसा वाहतोय?"

मनगटात खरोखरच घूं घूं असा आवाज यायचा. मूत्रपिंडं थकली की माणसाचं रक्त आठवड्यातून दोन-तीनदा मशीनमधून गाळून घ्यावं लागतं. साध्या शिरेतून तेवढं रक्त मिळत नाही. म्हणून सर्जन हातातली रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडून देतात. महिना-दीड महिन्यात नीला फुगून जाड होते, मग तिच्यात सुया टोचता येतात. या जोडाला आम्ही फिस्टुला म्हणायचो. नाना म्हणायचे 'पाट'. उभा जन्म त्यांनी सायखेड्याकडे पाटकरी म्हणून काढलेला. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं हे तेच बघायचे. "डाक्टरनी मोठ्या कालव्याचं पाणी चारीत सोडलंय, दुसरं काय!" असं ते नव्या पेशंटला समजावत, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा त्यांचंच लवकर समजायचं.

ही दोन हजार सालाच्या आगेमागची गोष्ट. मी नाशिक रोडच्या एका छोट्या रुग्णालयात टेक्निशियन होते. नाना मंगळवारी आणि शुक्रवारी एसटीनं यायचे. कंडक्टरनं त्यांचा हात ऐकला होता, रसवंतीवाल्यानं ऐकला होता. भाचीच्या लग्नात व्याह्यांची गळाभेट घ्यायच्या ऐवजी त्यांनी व्याह्यांच्या कानाला मनगट लावलं, आणि ते बिचारे घड्याळ शोधत राहिले.

घड्याळ मात्र त्या हाताला वर्ज्य. पिशवी वर्ज्य, राखी वर्ज्य. शिंप्याकडून त्यांनी सगळ्या सदऱ्यांच्या डाव्या बाहीला चेन लावून घेतली होती. झोपताना त्या हाताला वेगळी उशी. एकदा गावात तपासणीचं शिबिर होतं. तिथल्या नव्या नर्सनं रक्तदाब बघायला डाव्या दंडाला पट्टा गुंडाळायला घेतला. नाना ओरडले, "अहो बाई, चालू पाटावर दार टाकता का? फुटंल ना!" शिबिरातली निम्मी माणसं उठून बाहेर गेली म्हणे.

दोन वर्षांनी एका शुक्रवारी नाना आले आणि गुपचूप खुर्चीत बसले. हात पुढे केला नाही. मीच मनगटाला बोटं लावली. आत काहीच नव्हतं. रक्ताची गुठळी होऊन फिस्टुला बंद पडला होता.

सर्जननी तीन वाटा सांगितल्या. त्याच हाताला कोपराशी नवा जोड करायचा, नाहीतर कातडीखाली प्लास्टिकची नळी घालून शिरा जोडायच्या, किंवा मानेतल्या मोठ्या शिरेत कायमची नळी ठेवायची. मानेचं नाव निघताच नानांनी दोन्ही हातांनी कान झाकले. "मान सोडून कुठंबी कापा," म्हणाले. नवा जोड तयार होईपर्यंत थोडे दिवस मानेत नळी ठेवावीच लागली. तेवढे दिवस नाना कुणाशी धड बोलले नाहीत. पुढे कोपराचा पाट वाहू लागला आणि आमच्या खोलीत पुन्हा गोंगाट सुरू झाला.

त्याच सुमाराला हिरा आली. पेठच्या डोंगराकडची, पंचवीस-सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई. नवरा-बायको दोघं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरलेले, तिथे ती सुजून पडली. तिच्या मानेत नळी होती आणि तिथे दोनदा जंतुसंसर्ग झाला होता. सर्जन म्हणाले, आता हाताला फिस्टुला करायलाच हवा. हिरा नाही म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही.

"हात कापला तर भाताची लावणी कोण करील?" ती म्हणाली. "भाकर कोण थापील?"

शेजारच्या खुर्चीत नानांचं डायलिसिस चालू होतं. मला वाटलं, आता हे सुरू होणार. पण नानांनी नुसती मान तिच्याकडे वळवली. मग हळूच म्हणाले, "पोरी, माझ्याकडं बघ. ह्याच हातानं मी सकाळी म्हशीची धार काढून आलोय. भाकर थापशील, लावणीबी करशील. फक्त डोईवर जड उचलताना हा हात लावू नको. पण मानेतली नळी लय दिवस ठेवू नको. माझं ऐक."

तिनं ऐकलं. पुढच्या दोन खेपांना ती नानांना एकेक बारीक गोष्ट विचारत होती. दुखतं का, पाण्यात हात घालता येतो का, लेकरू उचलता येतं का.

ऑपरेशनच्या दिवशी तिचा नवरा कागदावर अंगठा उठवून बागेवर परत गेला. छाटणीचे दिवस, मुकादम थांबू देईना. लेकरांपाशी तिची आई. नानांचा तो वार नव्हता, तरी ते सकाळच्या गाडीनं आले. थिएटरबाहेरच्या बाकावर मांडीवर हिराच्या चपला घेऊन बसले. "कुणी नेल्या तर पोरगी अनवाणी जाईल," म्हणाले.

दोन वाजले. मी म्हटलं, "नाना, खाली जाऊन चार घास खाऊन या. मी थांबते इथे."

"नको. मागल्या वेळी जेवायलाच गेलो होतो."

"मागल्या कुठल्या वेळी?"

नाना चपलांची माती अंगठ्यानं काढत होते. "आमच्या मंडळीला हाच आजार. मुंबईला नेली होती. डाक्टर म्हणाले, हाताला जोड करू. मीच नको म्हटलं. बाईमाणसाचा हात, भाकरी कोण थापील, असं म्हटलं मी. ती काय बोलली नाय. मग मानेतल्या नळीवर ठेवली, ती पिकली. थंडीतापानं हुडहुडायची. मी खाली जेवायला गेलो अन् वर आलो तर..."

दोन-अडीच वर्षं आठवड्यातून दोनदा हा माणूस माझ्यासमोर बसत होता, आणि घरी भाकरी कोण करतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

दार उघडलं. स्ट्रेचरवर हिरा, डावा हात बँडेजमध्ये. फक्त हातच बधिर केला होता, त्यामुळे ती टक्क जागी होती. नाना उठले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"नाना, तू जेवला का?"

नानांनी मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही. चपला छातीशी धरून ते स्ट्रेचरच्या मागोमाग चालू लागले.