साळवे सरांचा गोल

माणसं गोलात बसली की जगातलं कुठलंही भांडण मिटतं, असं आमच्या विद्यापीठाचं अधिकृत मत आहे. तसं परिपत्रक निघालेलं आहे. प्रत्यक्षात आमच्याकडची भांडणं भांडणारा पास होऊन गेला की मिटतात. नापास झाला तर आणखी सहा महिने चालतात.

या मताचा उगम मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर साळवे सर यांच्यापाशी आहे, पण परिपत्रकात त्यांचं नाव नाही. सर भिंगारचे. सहा फूट उंच, किंचित पोक आलेले, बारा महिने खादीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. शर्टाच्या खिशात पेन नसे. खडू असे आणि सुतळीचं बंडल असे.

वसतिगृहात दोन मुलं भांडली की सर त्यांना तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत नेत. एकाने खोलीच्या मधोमध सुतळीचं टोक अंगठ्याने दाबून धरायचं. दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला खडू धरून रांगत गोल आखायचा. सुतळी सैल पडली की गोल वाकडा होई आणि सर तो पायाने पुसून टाकत.

"पुन्हा."

"सर, चालेल की एवढं."

"नाही चालणार. लांबट गोलाला टोक येतं. टोकाला बसलेला माणूस स्वतःला अध्यक्ष समजतो."

तासापूर्वी एकमेकांची कॉलर धरलेली मुलं मग "अरे, ताठ धर की", "तू हळू जा ना भावा" अशी बोलायला लागत. सर तिकडे लक्ष नसल्यासारखे खिडकीबाहेर बघत.

गोल झाला की सगळ्यांनी खडूच्या रेषेवर मांडी घालून बसायचं. मग काठोकाठ भरलेला तांब्या फिरे. ज्याच्या हातात तांब्या, त्यानेच बोलायचं. पाणी सांडलं तर फरशी त्यानेच पुसायची. भरलेला तांब्या दोन्ही हातांत असला की माणूस हातवारे करत नाही, आवाज चढवत नाही आणि मनगट दुखायला लागल्यामुळे लांबण लावत नाही. प्राध्यापकांच्या बैठकीतही हा तांब्या आणावा, अशी सूचना मी एकदा केली होती. ती इतिवृत्तात आली नाही.

सरांचे प्रश्न तीनच. काय झालं? लागलं कुणाला? आता काय करायचं? त्यातला दुसरा त्यांचा लाडका. पारनेरचा एक मुलगा आणि शेवगावचा एक, यांची बादलीवरून मारामारी झाली, तेव्हा मी गोलात होतो.

"सर, यानं माझी बादली न विचारता नेली," पारनेरकर म्हणाला.

"लागलं कुणाला? बादलीला?"

"न्हाई."

"मग?"

पोराने तांब्या सावरून धरला. मग पोरगं म्हणालं, "मेसमधी सगळ्यांम्होरं म्हनला, पारनेरवाल्याला बादली कशाला पायजे, तुमी लोक आंघोळच करत न्हाई. समदे हासले, सर."

शेवगावकराने तांब्या घेतला. "मी गंमत केल्ती."

"चार माणसांत केलीस ना? मग माफीही चार माणसांत. इथे मला ऐकवू नकोस. मी तिथे नव्हतो."

रात्रीच्या जेवणाला शेवगावकर मेसमध्ये बाकावर उभा राहिला आणि चुकलो म्हणाला. मुलं पुन्हा हसली, पण या वेळी बादलीचा मालकही हसला.

हे असं कितीतरी वर्षं चाललं होतं आणि कुणाच्याही डोळ्यांवर आलं नव्हतं. मग आमचे कुलगुरू एका थंड हवेच्या ठिकाणी तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले आणि तिथून 'पुनर्स्थापनात्मक संवाद' नावाची, म्हणजे गोलात बसून भांडण मिटवण्याची, नवी गोष्ट घेऊन आले. मूल्यांकन समिती यायची होतीच. आठवड्यात 'संवाद कक्ष' उभा राहिला. त्याची पाटी दारापेक्षा रुंद होती. साळवे सरांना सदस्य-सचिव नेमण्यात आलं, म्हणजे सतरंज्या आणण्याचं काम त्यांच्याकडे आलं. पहिल्या बैठकीत सतरंज्याही रद्द झाल्या, कारण कुलगुरूंचे गुडघे दुखत होते.

कक्षाला आता एक भांडण हवं होतं. ते ऋतुराजने पुरवलं.

ऋतुराज हा विद्यापीठ चालवणाऱ्या संस्थेच्या एका विश्वस्तांचा भाचा. चपाती गार आहे म्हणून त्याने भरल्या मेसमध्ये ताट भिरकावलं. ते मेसमध्ये वाढणाऱ्या हिराबाईंच्या खांद्याला लागलं आणि भाजी लुगडंभर झाली. वर तो म्हणाला, "फुकटचा पगार खातेस." हिराबाईंनी पदर झटकला आणि कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी मात्र रांगेत त्याचं ताट पुढे आल्यावर त्यांनी डाव पातेल्यात ठेवला.

"मला काय बी नको," त्या साळवे सरांना म्हणाल्या. "पोरगं हाय, चुकतंय. पर जिथं ताट मारलं तिथंच, समद्यांम्होरं, 'मावशी, चुकलं' म्हनावं. तवर मी त्येला वाढनार न्हाई."

मेसच्या ठेकेदाराने त्यांना सांगून टाकलं, की एक तर सगळ्यांना वाढायचं, नाहीतर घरी बसायचं. घरात कमावत्या त्या एकट्याच होत्या.

कक्षाची उद्घाटनाची बैठक सभागृहात झाली. खुर्च्या गोलात होत्या, पण कुलगुरूंच्या खुर्चीला हात आणि पाठीवर पांढरा टॉवेल असल्यामुळे गोलाला टोक आलंच. तांब्याऐवजी बिनवायरचा माईक होता. त्याला वजन नसल्यामुळे कुलगुरू चाळीस मिनिटं बोलले. पण खरा घोळ पुढे झाला. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम सत्काराशिवाय सुरू होत नाही. उपस्थितांचा सत्कार, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं होतं. ऋतुराज उपस्थित होता. कुलसचिवांनी त्याला शाल पांघरली आणि नारळ दिला. टाळ्या वाजल्या.

हिराबाईही उपस्थित होत्या. त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता.

साळवे सर उभे राहिले. "हिराबाईंची खुर्ची कुठे आहे?"

"सर, चहा होऊन जाऊ द्या," कुलसचिव म्हणाले. "त्यांचं नंतर बघू."

"अहो, लागलंय त्यांना!"

"सर, बसा. फोटो चाललेत."

ऋतुराजने माईक घेतला. शाल सावरत तो म्हणाला, "काही गैरसमज झाला असेल, तर मी दिलगिरी व्यक्त करतो." हे तो कुलगुरूंकडे बघून म्हणाला. हिराबाई तेव्हा मागच्या रांगेत कप गोळा करत होत्या. अहवाल मी लिहिला, कारण माझं मराठी चांगलं आहे असा समज आहे. 'उभय पक्षांचे समाधान झाले' हे वाक्य माझं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेसमध्ये नेहमीची रांग होती. हिराबाई एकेका ताटात वाढत होत्या. ठेकेदार दारात उभा होता. ऋतुराजचं ताट आलं आणि त्या थांबल्या. तेवढ्यात मागून साळवे सर आले, त्यांनी हिराबाईंच्या हातातला डाव घेतला, ऋतुराजला भाजी वाढली, डाव परत दिला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. ठेकेदाराला बोलायला काही उरलं नाही. सगळ्यांना वाढलं जात होतं.

मला वाटलं, पोरगं आठवड्यात वरमेल. ते वरमलं नाही. पंधरवड्यानंतर ते बसल्या जागेवरून "सर, रस्सा" अशी हाक मारायला लागलं. सर रस्सा घेऊन जात. हे वर्षभर चाललं. सरांनी दिवाळीत रजा घेतली नाही. तापातही ते स्वेटर घालून, एका हाताने भिंत धरत मेसमध्ये येत. सुट्टीचा दिवस असला तरी भिंगारच्या घरी जात नसत, दोन्ही वेळा इथेच. प्राध्यापक मंडळी त्यांना 'वाढपी सर' म्हणू लागली. मीही एक-दोनदा म्हणालो.

एकदा न राहवून मी विचारलं, "सर, हा हट्ट कशासाठी? तो माफी मागणार नाही, हे तुम्हालाही कळतंय."

ते खिशातली सुतळी बोटाला गुंडाळत बसले होते.

"आमच्या सौभाग्यवती कॅन्टोन्मेंटच्या शाळेत शिकवायच्या," ते म्हणाले. "एका नाताळात घरी पन्नास माणसं जेवायला. केकची भट्टी बिघडली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, हिला एक काम धड जमत नाही. लोक हसले. रात्री भांडी आवरताना मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, मला ऐकू आली हो, पण ती माणसं तर घरी गेली."

"मग?"

"मग मी म्हणालो, पुढच्या नाताळात सगळ्यांना बोलवू, सगळ्यांसमोर सांगतो." त्यांनी सुतळी सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. "माणसं आली होती. पण नाताळाला नाही, ऑगस्टमध्ये. तिला पोचवायला."

घरी कोण असतं, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. त्यानंतरही विचारलं नाही.

परीक्षा संपल्या आणि ऋतुराज बॅगा घेऊन गेला. जाताना तो साळवे सरांच्या पाया पडला. "तिकडे," सर भटारखान्याकडे बोट दाखवून म्हणाले. पण गाडी आली होती.

त्या संध्याकाळी सर सवयीने रांगेत पुढे आले आणि हात पुढे करून थांबले. हिराबाईंनी डाव दिला नाही.

"बसा आता, सर. मी वाढते तुमाला." मग त्यांच्या ताटात भाजी घालत म्हणाल्या, "तुमचा हात लई सैल. त्येला येकट्याला तिघांची भाजी घालीत हुता तुमी. शेवटच्या पोरांना वरीसभर पुरली न्हाई."

सर वर्षभरात पहिल्यांदाच बाकावर बसून जेवले.

ऋतुराज आता पुण्याजवळच्या एका मोठ्या कंपनीत आहे. कामगारांच्या तक्रारी ऐकून घेणाऱ्या विभागात त्याला घेतलं आहे.