ताईंच्या कादंबरीतली वाळवी

"पुस्तक विकायला ते वाचावं लागत नाही! चपला विकणारा काय प्रत्येक चपलेत पाय घालून बघतो?"

प्रकाशनसंस्थेच्या मालकांचा हा लाडका सिद्धांत होता. त्यातून या वेळी छापायची होती आजच्या काळातली प्रेमकादंबरी, तीही बायकोच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताईंची!

"अहो, ताईचं वाचलंत का?" बायको रोज विचारी.

"वाचलं तर! काय ती माणसं! कांद्यासारखी, थरावर थर!"

"रडू आलं?"

"कांदा म्हटल्यावर येणारच!"

खरं म्हणजे मालकांनी पहिलंच पान उघडून मिटलं होतं. नायक खिडकीशी उभा, नायिका दाराशी उभी, आणि दोघंही मनातल्या मनात बोलतायत. तोंडं काय शिवून टाकली होती त्यांची? पण बायकोनं बजावून ठेवलं होतं, "ताईचा हिरमोड झाला, तर मी वर तिच्याकडे राहायला जाईन. मग बसा स्वतःच्या हातचं जेवत!" मालकांच्या हातून पाणीसुद्धा करपायचं. तेव्हा कादंबरी दणक्यात निघणं भाग होतं.

त्याच सुमारास छापखान्यात त्यांचं दुसरंही पुस्तक होतं. घरातली वाळवी ओळखावी कशी आणि मारावी कशी, याचं. लेखक होते औषधाची टाकी पाठीवर घेऊन घरोघर फिरणारे वाळवीवाले. हे पुस्तक मात्र मालकांनी अक्षर न् अक्षर वाचलं होतं, कारण त्यांच्या घरचं कपाट निम्मं मातीत गेलं होतं!

आता पुस्तक बांधतात ते सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी. हे गठ्ठे ओळीनं मांडायचे, एकेक उचलत जायचं आणि शिवायचं. कुठला फर्मा कुठल्या पुस्तकाचा हे कळावं म्हणून पानाच्या तळाशी पुस्तकाचं नाव बारीक छापतात. मालकांनी दोन्ही पुस्तकांतून ते काढून टाकायला लावलं. "प्रेमिकांच्या पायात खडा कशाला?" छापणाऱ्यानं हात जोडून सांगितलं, "घोटाळा होईल, साहेब." पण मालकांना कोण सांगणार!

प्रकाशनाला सभागृह भरलं. ताई व्यासपीठावर, बायको पहिल्या रांगेत. आपल्या प्रती न्यायला आलेले वाळवीवालेही शेवटच्या रांगेत टेकले. समीक्षक उभे राहिले. पुस्तक मधूनच उघडून वाचायची त्यांची पद्धत होती; तेही न वाचणाऱ्यांतलेच! त्यांनी खर्ज लावला.

"बाहेरून लाकूड अखंड दिसते. आतून मात्र भुगा झालेला असतो."

मालक ताडकन सरळ बसले. हे वाक्य त्यांना पाठ होतं!

"राणी एका बंद, अंधाऱ्या खोलीत पडून असते. ती जागची हलू शकत नाही. राजा शेजारीच असतो, परंतु त्याचा काही उपद्रव नसतो."

'मेलो!' मालकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आता ताई उठणार, बायको वरच्या मजल्यावर जाणार!

पण सभागृहात कुणीतरी हुंदका दिला. पाठोपाठ दुसरा! एका बाईंनी शेजारच्या नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा दार शोधू लागला.

"हे लग्न आहे!" समीक्षक गरजले. "इतकं खोल कुणी लिहिलंच नव्हतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई सावकाश उठल्या. डोळ्यांना रुमाल लावून म्हणाल्या, "ते पान लिहिताना माझी उशी भिजली होती."

मालकांचा जीव भांड्यात पडला, तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला, "बाई, ते पान माझं आहे!"

वाळवीवाले स्वतःचं पुस्तक उंच धरून तरातरा पुढे आले. "आणि तुमचा हा माणूस माझ्या पुस्तकात घुसलाय! सोळा पानं खिडकीशी उभा राहून बाईकडे बघतोय नुसता! त्याला आधी बाहेर काढा, मालक. तेवढ्यात गिऱ्हाइकाची अख्खी चौकट खाऊन होते!"

मग समीक्षक तुच्छतेनं म्हणाले, "अरसिक!" आणि साऱ्या सभागृहानं वाळवीवाल्यांना "बसा, बसा!" म्हणून ओरडून खाली बसवलं. खरं बोलणारा तेवढा एकच माणूस होता. त्याला चहासुद्धा कुणी विचारला नाही!

नंतर सह्या घ्यायला रांग लागली. मालक चोरासारखे ताईंच्या खुर्चीमागे जाऊन वाकले.

"ताई, माफ करा. बांधणीत घोळ झालाय. उद्याच सगळ्या प्रती परत मागवतो."

"खबरदार, भाऊजी!" सहीवरची नजर न हलवता ताई पुटपुटल्या. "एक पानही हलवायचं नाही. आणि त्या गृहस्थांना जाऊ देऊ नका. चहा द्या, खायला द्या आणि नीट विचारून घ्या, राणी मेल्यावर राजाचं पुढे काय होतं? लोक मघापासून मला तेच विचारतायत!"