साक्षीदाराची प्रकृती

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत हे राज्य संपले. ग्वाल्हेर मध्यप्रदेशात गेले आणि राजधानी भोपाळला गेली. ही बातमी लंडनमध्ये नीळकंठराव ऊर्फ नीळूभाऊ दिघे यांना कळली तेव्हा ते कांदा चिरत होते. त्यांनी ती नाकारली.

"पुरावा?" ते म्हणाले.

बातमी आणणारा हबीब होता. पाकिस्तानचा नागरिक, त्याच घरात खालच्या खोलीत राहणारा. त्याने इंग्रजी वर्तमानपत्र पुढे धरले. नीळूभाऊंनी ते सुरीच्या टोकाने बाजूला सारले. इंग्रजांनी आपल्याविषयी छापलेले ते पुराव्यात धरत नसत. त्यांनी हात धुतले, निळे हवाईपत्र काढले आणि मला लिहिले : "चि. सदाशिव, बाड्यावर जा. सरकारी कचेरीच्या पाटीवर काय लिहिलं आहे ते स्वतः पाहून कळव. ऐकीव नको."

मी तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका हिंदी दैनिकाचा बातमीदार होतो. पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी महाराज बाड्यावर, म्हणजे शहरातल्या मुख्य चौकात, गेलो. पेंटर शिडीवर होता. 'मध्य' त्याने तसाच ठेवला होता. नव्या राज्याचे नाव ठरवणाऱ्यांनी त्याचे निम्मे काम वाचवले होते. मी सवयीप्रमाणे जे दिसले ते लिहिले : "भारत पुसले आहे. मध्य शाबूत. प्रदेश अजून लिहायचा आहे."

पत्राचा हा वापर होईल याची मला कल्पना नव्हती. हबीबने ते स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला चिकटवले. "हिंदुस्तानी अख़बारवाले का लिखा हुआ है," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "भारत मिट गया. नीचे दस्तख़त देख लो."

नीळूभाऊ दौलतगंजातले, आमच्यापासून दोन घरे पलीकडचे. ते चार वर्षांचे असताना आई गेली, कॉलेजात शिकत असताना वडील. लग्न केले नाही. रियासतीच्या न्यायखात्यात ते दफ्तरी कारकून होते. फायलीतल्या कागदाला क्रमांक नसेल तर तो कागद जगात नाही, अशी त्यांची समजूत होती. रियासत विलीन झाली, मध्यभारत झाले, आणि राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला व उन्हाळ्यात इंदूरला असे ठरले. त्यामुळे दोन्ही शहरे सहा-सहा महिने नाराज राहू लागली. नीळूभाऊंचे दफ्तर इंदूरला हलवण्याचा हुकूम आला.

"मला इंदूर चांगलं नाही लागत," ते साहेबांना म्हणाले.

आमच्या ग्वाल्हेरी मराठीत माणसाला भाजी चांगली लागते तसे गावही चांगले लागते. पुण्याचे पाहुणे याला हसतात. साहेब पुण्याचे होते. ते हसले. नीळूभाऊंनी त्याच दिवशी राजीनामा दिला. इंदूरला जावे लागू नये म्हणून लंडनला गेलेला माणूस माझ्या माहितीत हा एकच.

लंडनमध्ये ते विजेच्या दिव्यांच्या एका कारखान्यात गोदामाची नोंदवही ठेवू लागले. शेजारच्या टेबलावर हबीब होता. नीळूभाऊंनी विचारले, कुठले? हबीब म्हणाला, कराची. नीळूभाऊंनी विचारले, त्याआधी? हबीबने पेन खाली ठेवले. "कंपू," तो म्हणाला.

कंपू म्हणजे आमच्या लष्कर भागातली जुन्या छावणीची वस्ती. दौलतगंजातून चालत वीस मिनिटे. एवढ्याशा अंतरावरची ही दोन माणसे समुद्र ओलांडून भेटली आणि पहिल्याच आठवड्यात भांडली.

हबीबचा नेहमीचा प्रश्न ठरलेला असे. "क्यों दिघे, इस महीने राजधानी कहाँ है? पहुँच गई कि अभी रेल में है?"

नीळूभाऊ म्हणत, "तुझ्या देशाच्या दोन खोल्या, आणि मधे आख्खा माझा देश. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला तुला माझं अंगण लागतं. खोकून येत जा."

पाकिस्तानची घटना तयार व्हायला नऊ वर्षे लागली. ती होईपर्यंत नीळूभाऊ रोज सकाळी जिन्यात विचारत, "हबीब, घटना नाही, तर आज तू कोणत्या कलमाखाली उठलास?" पश्चिम पाकिस्तानातले सगळे प्रांत मोडून एकच प्रांत केला गेला, तेव्हा त्यांनी सिंधसाठी एक मिनिट मौन पाळले आणि हबीबलाही उभे केले. हबीब उभा राहिला. मग म्हणाला, "अब बैठ जाऊँ? तुम्हारी बारी भी आएगी." ती वर्षभराने आली.

काश्मीरला स्वयंपाकघरात बंदी होती. एकदा त्यावरून पातेले आपटले गेले आणि घरमालकीणबाईंनी दोघांना नोटीस दिली. तेव्हापासून काश्मीर फक्त बसथांब्यावर. घरमालकीणबाई दोघांचाही उल्लेख 'ते दोन हिंदी गृहस्थ' असा करत. याविरुद्ध दोघांनी मिळून एक लेखी निषेध दिला होता. दोन्ही देशांचा तेवढा एकच संयुक्त मसुदा त्या घरात तयार झाला.

वाद गावातल्या गोष्टीचा असला की तो माझ्याकडे येई. पहिला वाद कंपूतल्या एका घराला पायऱ्या किती, याचा होता. हबीब म्हणत होता पाच. नीळूभाऊ म्हणत होते चार. घर हबीबचे होते. नीळूभाऊंनी ते कधी पाहिलेले नव्हते.

"त्यानं काय होतं?" त्यांनी मला लिहिले. "माणूस स्वतःच्या घराविषयी सगळ्यात चुकीचं सांगतो. दफ्तरात मी रोज पाहत होतो. तू जाऊन मोज, आणि घरात कोणी असेल तर त्याची साक्ष घे."

मी गेलो. पायऱ्या पाच होत्या. दार एका म्हाताऱ्या बाईने उघडले. ती जुबैदाबी, हबीबची आई. मी कोण ते सांगितले आणि प्रश्न विचारला.

"हबीब कहता है पाँच?" तिने विचारले.

"हो अम्मा. लंडनहून."

तिने चौकट धरली. मग म्हणाली, "पाँच ही हैं. लिख दो."

आत बसवून तिने बाकीचे सांगितले. नवरा सैन्याचे गणवेश शिवत असे, तो फाळणीच्या आधीच गेला. हबीब चुलतभावांबरोबर कराचीला निघाला तेव्हा तिने जायला नकार दिला. स्टेशनवर रागाने म्हणाली होती, वहाँ से मुझे ख़त मत लिखना. त्याने लिहिले नाही. कराचीहून नाही आणि लंडनहूनही नाही.

"बचपन में एक बात नहीं मानता था," ती म्हणाली. "मानी तो ये मानी."

मी म्हटले, तुम्ही पत्राची वाट पाहता असे लिहू का?

"ना. सीढ़ी पूछी है, सीढ़ी बता."

मी पायऱ्या कळवल्या. नीळूभाऊंचे उत्तर आले. हार त्यांनी मान्य केली होती. पण सोबत सूचना होती : "यापुढे साक्षीदाराचे वय, प्रकृती, दृष्टी, श्रवण आणि दात यांची नोंद पाठवावी. साक्ष ग्राह्य की अग्राह्य ते त्यावर ठरतं. दोन वेळचं काय जेवते तेही लिही."

जेवणाचा साक्षीशी काय संबंध, ते मला समजले नाही. मी लिहिले.

पुढचा वाद अंगणातल्या झाडाचा होता. हबीब म्हणे पेरू, नीळूभाऊ म्हणत लिंबू. झाड पेरूचे निघाले. जुबैदाबीने पुराव्यादाखल चार पेरू रुमालात बांधून दिले. लंडनला पाठवण्याची सोय नव्हती. पुरावा मी खाल्ला आणि तसे कळवले. त्यानंतर विहिरीचा रहाट, कोनाड्यांची संख्या, पावसात गळणारी जागा. चार वर्षांत अकरा वाद झाले. सगळे एकाच घराचे होते आणि सगळ्यांत नीळूभाऊ हरले. हा माणूस दौलतगंजात कोणाकडून कधी हरलेला नव्हता. वाण्याशी जिऱ्यावरून वाद झाला तर तीन दिवस दुकानासमोर उभा राहणारा माणूस. माझ्या लक्षात ही गोष्ट नवव्या वादाच्या वेळी आली. मी ती त्यांना लिहिली नाही.

लंडनमध्ये माझे उत्तर कसे वाचले जाई, ते पुढे हबीबने सांगितले. जेवणाआधी, स्वयंपाकघरात, मोठ्याने, एकही ओळ न गाळता. वाचणार नीळूभाऊ. हबीब पाठ करून भांडी विसळत असे. प्रकृतीची ओळ आली की नीळूभाऊ ती दोनदा वाचत. "दफ्तरात असं नाही होत की नोंद एकदाच वाचली," ते म्हणत. हबीब म्हणे, "पढ़ो, पढ़ो. तुम्हारे दफ़्तर का क़ायदा है, हम कौन बोलने वाले."

बारावा वाद मध्यभारत संपल्यानंतर महिन्याभरात आला. हबीबच्या घराच्या दाराचा रंग कोणता? हबीब : निळा. नीळूभाऊ : हिरवा.

मी गेलो तेव्हा दार हिरवे होते. रंग ताजा होता. शेजाऱ्याच्या घरी लग्न झाले होते, उरलेल्या रंगात त्याने हेही दार रंगवून दिले होते. नीळूभाऊ प्रथमच जिंकले होते, तेही न पाहता. साक्ष घ्यायची म्हणून मी हाक मारली.

"दरवाज़ा?" जुबैदाबी म्हणाली. "नीला. हबीब के अब्बा ने रंगा था."

"अम्मा, जरा बाहेर येऊन पाहता?"

ती बाहेर आली. दारावर हात ठेवून उभी राहिली. "यही तो है," ती म्हणाली. "नीला."

दहा वेळा मी 'दृष्टी : ठीक' असे लिहिले होते. एकदाही तपासली नव्हती. ती मला आवाजावरून ओळखत होती.

त्या दिवशी मी दोन वाक्ये लिहिली. "दार हिरवे आहे. साक्षीदार दाराला हात लावून निळे म्हणते."

नीळूभाऊंनी ती नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचली. या वेळी एकदाच. हबीबने नळ बंद केला.

"अम्मी को दिखता नहीं," तो म्हणाला.

नीळूभाऊंनी पत्राची घडी घातली. "साक्ष ग्राह्य आहे," ते म्हणाले. "दार निळं. मी हरलो." आणि ते वर निघून गेले. शेगडीवरचा भात दोघांपैकी कोणीही उतरवला नाही.

मला आलेल्या पुढच्या पत्रात वाद नव्हता. "डोळे दाखव. डॉक्टर काय म्हणतो ते शब्दशः लिही," एवढेच होते. मी जुबैदाबीला कंपूतल्याच इस्पितळात नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. डॉक्टर म्हणाले, एक डोळा बहुधा गेला आहे. दुसऱ्याची शस्त्रक्रिया येत्या उन्हाळ्याच्या आत केली तर तो वाचेल. नंतर सांगता येत नाही.

जुबैदाबीने नकार दिला.

"अम्मा, मग काहीच दिसणार नाही."

"मुझे क्या देखना है? सब देखा हुआ है. जिसको रंग पूछना है, वो आके देख ले."

तेही मी शब्दशः लिहिले.

हबीबने व्हिसासाठी अर्ज केला. 'प्रवासाचे कारण' या रकान्यात त्याने 'दाराचा रंग पाहणे' असे लिहिले आणि अर्ज परत आला. दुसरा अर्ज नीळूभाऊंनी भरला. पाकिस्तानी माणसाला हिंदुस्थानात प्रवेश मिळावा म्हणून सहा पाने, प्रत्येक पानाला क्रमांक. जोडपत्र म्हणून साक्षीदाराच्या प्रकृतीच्या दहा नोंदी. तो मंजूर झाला. सुएझ कालवा त्या वेळी बंद होता, बोट आफ्रिकेला वळसा घालून आली. हबीब मार्चमध्ये ग्वाल्हेर स्टेशनवर उतरला आणि नियमाप्रमाणे आधी पोलीस ठाण्यात नाव नोंदवून मग घरी आला. मी बरोबर होतो.

जुबैदाबी अंगणात खाटेवर बसली होती. हबीब तिच्यासमोर उभा राहिला.

"मैंने ख़त नहीं लिखा, अम्मी," तो म्हणाला.

"मालूम है," ती म्हणाली. "बेवकूफ़."

शस्त्रक्रिया एका डोळ्याची झाली. कागदावर सही हबीबने केली. काही आठवड्यांनी जाड भिंगाचा चष्मा मिळाला. इस्पितळातून घरी येताना ती दारासमोर थांबली.

"ये हरा किसने किया?" तिने विचारले. गल्लीभर ऐकू गेले. शेजारी दोन दिवस घराबाहेर पडला नाही.

व्हिसा संपला त्या दिवशी हबीब परत गेला. दार खरोखर हिरवे असल्याचे त्याने नीळूभाऊंना सांगितले आणि विजय स्वीकारण्याची विनंती केली. निकाल लागल्यावर नवा पुरावा घेता येत नाही, असे सांगून त्यांनी ती फेटाळली. बसथांब्यावरचे काश्मीर पुन्हा सुरू झाले आहे, असे हबीब कळवतो.

मला त्यानंतर एकही वाद आलेला नाही. कंपूचा पोस्टमन मराठी आहे. त्याने सांगितले की जुबैदाबीकडे आता लंडनहून महिन्याला दोन पत्रे येतात. अक्षरे दोन माणसांची असतात. एक हिंदीत असते. दुसरे मराठीत असते, ते पोस्टमन तिला वाचून, समजावून देतो. मराठी पत्राचा मायना चुकला आहे असे त्याचे म्हणणे होते. स्वतःच्या आईला पत्रात 'तीर्थरूप' लिहितात. दुसऱ्याच्या आईला, ती कितीही आदराची असली तरी, 'तीर्थस्वरूप'.

मी जुबैदाबीकडे जाऊन ते पत्र पाहिले. अक्षर नीळूभाऊंचे आहे. पानाला क्रमांक आहे. वर 'तीर्थरूप आईस' असे लिहिलेले आहे.