सूनबाईचं लेबल

माझ्या योजनेत काडीचीही चूक नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते! चूक असलीच तर ती चिकटपट्टीची. बाजारातली सगळ्यात स्वस्त चिकटपट्टी आणली की संसार कसा सुटा होतो, ते आता सांगते. भिंगरी झोपली आहे तोवर सांगून होईल.

भिंगरी म्हणजे माझी लेक. अजून दोन वर्षांचीही नाही, पण एका जागी थांबेल तर शपथ!

तर, मला जपानी भाषेची मधल्या पातळीची परीक्षा द्यायची होती. हौस म्हणून नव्हे. आमचं ऑफिस यंत्रांच्या जपानी माहितीपुस्तकांची भाषांतरं करतं. ही परीक्षा पास झालेल्याला घरून काम मिळतं, बाकीच्यांनी ऑफिसात जाऊन बसायचं. माझी रजा संपत आली होती. पास झाले तर मी घरी. मी घरी म्हणजे भिंगरी घरी, आणि नानाही घरी. नापास झाले तर भिंगरी पाळणाघरात आणि नाना ‘तिकडे’.

नाना म्हणजे माझे सासरे. आणि ‘तिकडे’ म्हणजे जिथल्या बागेचा छान रंगीत फोटो माझ्या नवऱ्यानं फ्रीजवर ठेवला होता, ती संस्था. फोटोत सगळे म्हातारे हसत होते. इतके हसत होते की मला ते बघून धडकीच भरायची.

नानांचा आधी चष्मा हरवायचा. मग ‘चष्मा’ हा शब्द हरवायला लागला. “ते... ते नाकावरचं कुठाय?” असं विचारायचे. जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर होते. बाटल्या भरायच्या, लेबलं लावायची, वळणदार अक्षरात ‘जेवणानंतर’ लिहायचं. शब्द जात होते, पण वाचता अजून झकास येत होतं! म्हणून मला ती झकास कल्पना सुचली.

घरभर चिठ्ठ्या लावायच्या! पांढऱ्या नानांसाठी: ‘हा फ्रीज’, ‘ही नानांची खुर्ची’, ‘बाहेर जायचा दरवाजा’. पिवळ्या माझ्यासाठी: जपानी व्याकरण. भांडी घासता घासता नळावरचा एक प्रयोग पाठ, कपडे वाळत घालता घालता दांडीवरचा दुसरा. एका चिकटपट्टीत दोघांचं काम!

नाना खूश झाले. “घर कसं दवाखान्यासारखं नीट झालं!” म्हणाले, आणि खिशातलं पेन काढून त्यांनी लेबलं सुधारायला घेतली. दुधाच्या पातेल्याच्या चिठ्ठीवर खाली लिहिलं, ‘वापरण्यापूर्वी ढवळावे.’ माझ्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहिलं, ‘दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर.’ भिंगरीच्या पाठीवर स्वतःहून एक लेबल लावलं, ‘हलवू नये.’ ते मात्र कुणालाच पाळता आलं नाही. ती स्वतःच हलत होती!

ते दिवस मजेचे होते. भिंगरीला रोज एक नवा शब्द येत होता, नानांचा रोज एक जात होता, आणि मी दोघांच्या मध्ये उभी राहून जपानी घोकत होते. सगळ्यात लवकर मला ‘वासुरेते शिमाउ’ आलं. आपण ‘विसरून बसले’ म्हणतो ना, तेच. नुसतं विसरणं नाही, विसरायला नको होतं अशी हळहळ त्यात आहे. म्हटलं, हे तर आमच्या घरचंच व्याकरण! त्याला कशाला घोकायचं?

मग भिंगरीला शोध लागला की चिठ्ठ्या निघतात. आणि निघालेली चिठ्ठी कुठंही लागते!

एके दुपारी बघते तर नाना बूट घालून, टोपी घालून माझ्या कपाटासमोर उभे. कपाटावर ‘बाहेर जायचा दरवाजा’. दार उघडून, आत लटकलेल्या कपड्यांकडे बघत ते मला म्हणाले, “सूनबाई, बाहेर आज फार गर्दी आहे गं. मी उद्या जाईन.”

मी पोट धरधरून हसले. नाना पण हसले. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला नाही.

“उद्या खऱ्या दारातून गेले म्हणजे?” तो म्हणाला. “कुठं शोधायचं? मी आठवडाभर रजा काढतो, त्यांना तिकडे सोडून येऊ.”

“हळू बोल. ऐकतात ते.”

“ऐकतात आणि लगेच विसरतात.”

“परीक्षा होऊ दे. मी पास झाले की घरीच आहे ना?”

“आणि नाही झालीस तर?”

मी नळावरची पिवळी चिठ्ठी वाचायला लागले. बायकोनं जपानीत तोंड घातलं की नवऱ्यानं काय करावं, हे कुठल्याच माहितीपुस्तकात नाही. पलीकडच्या खोलीत नाना खुर्चीत बसून छताकडे बघत होते. खुर्चीवर तेव्हा ‘हा फ्रीज’ होतं.

त्यानंतर काही दिवसांनी मी चहा घेऊन गेले, तर नाना खुर्चीतच आक्रसून बसले. “आपण कोण?” अगदी सभ्यपणे विचारलं. सभ्यपणानंच जास्त लागलं!

“नाना, मी!”

“मी म्हणजे?”

मी स्वयंपाकघरात आले, डोळे पुसले, एक पांढरी चिठ्ठी घेतली आणि लिहिलं, ‘मी तुमची सून. घाबरू नका.’ खांद्याच्या खाली चिकटवली आणि पुन्हा गेले. नानांनी चष्मा लावून वाचलं, आणि चेहरा असा उजळला म्हणता!

“मग आधी सांगायचं ना, सूनबाई! लेबल नसलेल्या बाटलीला मी जन्मात हात लावला नाही. ये, इकडे ये.” त्यांनी पेन काढलं आणि माझ्या चिठ्ठीवर खाली वळणदार अक्षरात लिहिलं, ‘उन्हापासून जपावे.’

तेव्हापासून मी ते लेबल लावूनच घरात वावरायला लागले. या शर्टवरून त्या शर्टवर. या वेळी चिकटपट्टी चांगली आणली होती, दवाखान्यातली!

परीक्षेच्या दिवशी नवरा घरी थांबला. मी निघताना भिंगरी गळ्यात पडली, पाठीवर थोपटलं, फार लाड केले. मला भरून आलं. एवढीशी पोर, पण आईची परीक्षा तिला कळते!

नानांनी विचारलं, “कुठं निघालीस?”

“परीक्षेला, नाना.”

“बरं. सावकाश जा.” मी चपला घातल्या. “कुठं निघालीस?”

“परीक्षेला, नाना!”

“बरं, बरं. सावकाश जा.”

हॉलमध्ये कडक शिस्त. मोबाइल बंद, बॅगा बाहेर, टेबलावर फक्त पेन्सिल आणि खोडरबर. व्याकरणाचा पेपर सुरू झाला आणि मी घोड्यासारखी सुटले! फक्त माझ्या मागे बसलेली मुलगी माझ्याहून जोरात सुटल्यासारखी वाटत होती. पेन्सिलचा आवाज काय येत होता तिच्या!

एवढ्यात पर्यवेक्षक बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“हे काय आहे?”

“कुठं?”

“तुमच्या पाठीवर!”

त्यांनी सर्रकन काहीतरी ओढून माझ्यासमोर धरलं. पिवळी चिठ्ठी! ‘वासुरेते शिमाउ’, अर्थासकट, दोन उदाहरणांसकट. खाली वळणदार अक्षरात, ‘दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर.’ सकाळच्या लाडांचा अर्थ मला तेव्हा कळला.

“कॉपी?” बाई म्हणाल्या.

“अहो, स्वतःच्या पाठीवरचं मी वाचणार कशी?”

“तुम्ही नाही. मागची वाचेल!”

मागच्या मुलीची पेन्सिल थांबली. सगळा हॉल थांबला. ती मुलगी हळूच म्हणाली, “मी फक्त पाचव्या प्रश्नापुरतं बघितलं, बाई.”

“दोघी मिळून करताय हे?”

“मी हिला ओळखतसुद्धा नाही!” मी म्हटलं.

“उभ्या राहा. आणखी काय काय चिकटवलंय?”

मी उभी राहिले. बाईंची नजर खांद्याखाली गेली. त्या मोठ्यानं वाचायला लागल्या, “मी तुमची सून. घाबरू...” आणि आवाज खाली आला. पुढचं त्यांनी मनातच वाचलं. मागं कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी नुसतं तिकडे बघितलं, हसणं बंद.

“घरी कोण आहे?” त्यांनी हळूच विचारलं.

“सासरे.”

“ओळखत नाहीत?”

“वाचतात.”

पिवळी चिठ्ठी बाईंनी ओढली होती, पण पांढरी अगदी सावकाश काढली, कुणाच्या जखमेवरची पट्टी काढावी तशी. पण नियम तो नियम! दोन्ही चिठ्ठ्या पाकिटात गेल्या, मला आणि मागच्या मुलीला ताकीद मिळाली, आणि या सगळ्यात माझा शेवटचा उतारा वाचायचा राहिला. ऐकण्याच्या पेपरला दोन जपानी माणसं स्टेशनवर कुठं भेटायचं ते ठरवत होती. ती भेटली की नाही, देवाला ठाऊक. माझ्या कानात नुसतं ‘सावकाश जा, सावकाश जा’.

सुटल्यावर मी बाईंना गाठलं. “पांढरी तेवढी परत मिळेल?”

“जप्त केलेलं परत देता येत नाही हो,” त्या म्हणाल्या. मग माझ्या खांद्याकडे बघत, “दुसरी लिहा ना.”

दुसरी लिहीनच, म्हणत मी घरी आले. दार नानांनीच उघडलं. आत नवरा सोफ्यावर घोरत होता, त्याच्या पोटावर भिंगरी, आणि त्याच्या कपाळावर ‘कचरा इथे टाका’.

नानांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. खांद्याखाली बघितलं. तिथं काही नव्हतं.

“कोण पाहिजे?”

माझा हात आपोआप खांद्याखाली गेला. तेवढ्यात त्यांना माझ्या हातातली पेन्सिल दिसली.

“परीक्षा देऊन आलात वाटतं? आमच्या सूनबाईचीही आज परीक्षा आहे. जपानी!”

“हो का?” मी म्हटलं. “पास होईल का ती?”

“होणार म्हणजे काय! दिवसभर भांड्यांशी जपानीत बोलते.” मग ते माझ्याकडे झुकले, सोफ्यावरच्या मुलाकडे एकदा बघून घेतलं, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “तिला पास व्हायलाच पाहिजे हो. नाहीतर हे लोक मला तिकडे पाठवणार आहेत. तिथं बाग आहे. पण तिथं मी कुणाला ओळखत नाही.”

मी चपला काढल्या.

“तुम्ही बसा ना,” नाना म्हणाले. “ती येईलच आता.”

“मी चहा करते,” असं म्हणून मी आत वळले, तर त्यांनी हात आडवा घातला.

“नको, नको! परक्या माणसानं ओट्याला हात लावलेला तिला खपत नाही. ती आली की करेल. छान करते.”

नवऱ्याला उठवता आलं असतं. चिठ्ठी लिहिता आली असती, पेन्सिल हातातच होती. पण नानांनी माझ्यासाठी खुर्ची पुढं ओढली होती. ‘हा फ्रीज’ लिहिलेली. मग मी तिथं बसले, नाना शेजारी बसले, आणि दोघं दाराकडे बघत सूनबाईची वाट बघत राहिलो.

सूनबाईचा पत्ताच नाही हो!