फुग्यातलं आणि ढगातलं

आमच्या शिवाजी पेठेत कुणी कुणाला चहा विचारला, तर मागच्या गल्लीतूनही दोघं येतात, एवढा आमचा आवाज. अशा पेठेत राहून समोरचे रंगाआण्णा चारपाच शब्दांच्या वर बोलत नाहीत. मध्यंतरी माझा भाऊ आला होता. त्यानं प्रवासाची लांबण लावली, तेव्हा आण्णा म्हणाले, "पावणं, फुग्यात मावंल एवढंच बोला की."

भावाला वाटलं, याचं डोकं सरकलंय.

फुगा म्हणजे चित्रकथेतला, पात्राच्या तोंडातून निघालेला. देवादिकांच्या, राजाराणीच्या चित्रकथा मराठीत यायच्या तेव्हा चित्रं आणि फुगे तयारच असायचे. फक्त आतली अक्षरं बदलायची. ते काम आण्णांनी इथल्या एका छापखान्यात उभा जन्म केलं. फुगे दुसऱ्या भाषेच्या मापाचे, आणि आपल्या राजांना बोलायला ऐसपैस जागा लागते. मग "हे दुष्ट राक्षसा, तुझ्या पापांचा घडा आता भरला आहे" याचं आण्णा "राक्षसा, भरला घडा!" करून टाकत. एकदा घाईत प्रधानाचे शब्द गाढवाच्या फुग्यात गेले आणि गाढवाचे प्रधानाच्या. अंक तसाच खपला. आण्णांना त्याची अजून लाज वाटते, मला मात्र तो अंक फार आवडतो.

फुग्याला शेपूट असली की बोलणं, काटे असले की ओरडणं आणि मनातलं असलं की ढग, त्याला शेपटीच्या जागी बारके गोळे. "ढगातलं फकस्त वाचणाऱ्याला कळतंय," आण्णा सांगतात, "चित्रातल्या माणसास्नी ऐकू जात न्हाय." मी गप्प बसले की विचारतात, "ढगात काय चाललंय?"

गेल्या वर्षी काकींना, म्हणजे आण्णांच्या बायकोला, ऐकू येईनासं झालं. कानाचं मशीन आणलं, तर त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं; म्हणे, कानात भुंगा शिरल्यागत होतंय. एकदा शेजारणीनं म्हस मेल्याचं सांगितलं आणि काकी हसून म्हणाल्या, "बरं झालं की!" चूक कळल्यावर त्या दारात बसायच्याच बंद झाल्या. एवढी बोलकी बाई आत भिंतीकडं तोंड करून लसूण सोलायला लागली. बघवत नव्हतं.

आण्णांनी आधी ओरडून पाहिलं, पण ते रोज भांडण लागल्यासारखं वाटायचं. मग त्यांनी पुठ्ठ्याचे फुगे कापले.

आता ते तोंडाशी फुगा धरून घरभर फिरतात. "च्या?" "मीठ कमी." "चष्मा कुठं?" याला काटे. काकी उत्तरं तोंडानंच देतात, आणि ती सगळ्या पेठेला पोचतात. आम्ही बायकाही हौसेनं फुगे लिहून नेतो. काकी पुन्हा दारात बसायला लागल्या.

परवा त्या कोडोलीला माहेरी आठवडाभर राहून आल्या. आम्ही सगळ्या जमलो होतो. तेवढ्यात आण्णा डोक्याशी पुठ्ठा धरून आतून आले. या पुठ्ठ्याला शेपूट नव्हती, खाली बारके गोळे होते. काकींनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "तू न्हवतीस, घर खायाला उठलं."

आम्ही चित्रातली माणसं. नियमाप्रमाणं आम्हाला काहीच ऐकू आलं नाही.

आण्णांचे कान लाल झाले. "आगं, ढगातलं मोठ्यानं वाचत्यात व्हय!"

काकींना अर्थातच ते ऐकू गेलं नाही. त्यांनी पुठ्ठा आण्णांच्या हातातून काढून घेतला आणि परत वाचला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.